कॉलनीच्या बगीच्यात निसर्ग-उत्सव कसा भरवावा, म्हणजे लोक नंतरही त्या बगीच्यात येत राहतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या पश्चिमेकडच्या कॉलनीत मराठी घरं बरीच आहेत, रहवासी संघाला जानेवारीत निसर्ग-उत्सव करायचाय, शंभरेक माणसं येतील, पैसे फारसे नाहीत. बगीच्यात करावा की सिरपूर तलावावर, आणि आठवड्याभरात सगळं विसरलं जाऊ नये म्हणून काय करावं?

बगीच्यातच करा. सिरपूर सुंदर आहे, 161 हेक्टरची ती पाणथळ जागा 2022 मध्ये यशवंत सागर तलावासोबत रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, त्यामुळे मोह होणार. पण शंभर माणसं एकदम काठावर उभी राहिली की बदकं आणि वारकरी (काळे पाणपक्षी) मधल्या पाण्यात सरकतात, आणि लोकांना लांबवर काळे ठिपके दिसतात. लोक तेवढंच बघून घरी जातात. शिवाय तिथे मुद्दाम उठून जावं लागतं. बगीचा रोजच्या वाटेवर आहे, आणि तुम्हाला तर रोजचीच सवय लावायची आहे. सिरपूर पुढच्या रविवारी ठेवा, एका तुकडीत पंधरा जण. उत्सवाच्या दिवशी फक्त नावं लिहून घ्या.

दुसरं सांगणं: मंच नको. मांडव, खुर्च्या, माइक आले की सगळे मंचाकडे तोंड करून बसतात आणि झाडं पाठीमागे राहतात. पाहुणे उशिरा येतात, तोवर नऊ वाजतात, ऊन चढतं आणि पक्षी गप्प होतात. पार्षदांना (नगरसेवकांना) बोलवायचंच असेल (बोलवा, पुढे उपयोग होतो) तर साडेदहाची वेळ द्या, पोह्यांनंतरची, आणि उभ्या-उभ्या दहा मिनिटं बोलू द्या. माइक नसला की भाषणं आपोआप आटोपशीर होतात.

तारीख संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधला रविवार. हळदी-कुंकवामुळे बायकांचं येणं-जाणं चालूच असतं, त्यामुळे निमंत्रण घरोघरी पोचतं. व्हॉट्सअॅपवरचं पोस्टर लोक पाहतात आणि पुढे सरकवतात. हातात दिलेलं आवतण असलं तर येतात. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा लागतात, मार्चमध्ये रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, धामधूम, म्हणून त्यापुढे ढकलू नका. जानेवारीच्या मध्यात इंदूरला सूर्य सातच्या पुढे उगवतो. पहिली फेरी साडेसातला, दुसरी साडेआठला, टेबलं साडेआठ ते साडेदहा, पोहे दहाला. अकराला मैदान मोकळं. क्रिकेटवाल्या मुलांना ही वेळ आठवडाभर आधी सांगा, नाहीतर बरोबर नवाला स्टंप रोवले जातील आणि भांडण तुमच्या नावावर.

सगळ्यांत आधी भेटायचं ते माळ्याला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी सांगा. लॉनचा एक कोपरा, दहा फूट बाय दहा फूट, सुतळी लावून वेगळा करा आणि उत्सवापर्यंत कापू नका. उत्सवाच्या आधीच्या पंधरवड्यात कुठेही कीटकनाशक मारू नका. हे न सांगितल्यास 'कार्यक्रम आहे' म्हणून तो आदल्या दिवशी सगळं छाटून, फवारून चकाचक करून ठेवतो, आणि मग दाखवायला काही उरत नाही. त्याला दोष नाही, आजवर त्याच्याकडून तेच मागितलं गेलंय.

त्या न कापलेल्या कोपऱ्यावर पूर्ण उत्सव उभा राहू शकतो. एक-एक मीटरचे चार पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो जोडून चौकोन करा, असे दोन. एक कापलेल्या लॉनवर, एक कोपऱ्यात. मुलांनी पाठ करून चौकोन मागे टाकायचा, म्हणजे आवडीची जागा निवडली जात नाही. मग मोजायचं फक्त एवढंच: वेगवेगळ्या प्रकारची पानं किती? नाव येण्याची गरज नाही, प्रत्येक प्रकाराचं एक पान कागदावर ठेवलं की पुरे. कापलेल्या भागात दूर्वा आणि जमिनीला चिकटून वाढणारी चार-दोन रोपटीच टिकतात, कारण यंत्राच्या पात्याखाली राहील तेच जगतं. कोपऱ्यात आंबुशी, एकदांडी, माका, दुधी अशी रानरोपटी डोकं वर काढतात, फुलतात, आणि फुलांमागे माशा, छोटी फुलपाखरं येतात. मोजून झालं की त्याच चौकोनाशी पाच मिनिटं हालचाल न करता बसवा. दहापट भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. बहुतेक जण भिंग हात लांब करून धरतात आणि 'काही दिसत नाही' म्हणून परत देतात. गाजरगवत दिसलं तर चौकोन तिथे ठेवू नका, काहींच्या अंगाला त्याने खाज सुटते.

आता फेऱ्या. एका फेरीत मोठी माणसं बारा ते पंधरा, मुलं आठ ते दहा, त्याहून जास्त नाही. मागचा माणूस ऐकू शकला नाही की तो शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागतो, मग सगळी फेरीच गप्पांची होते. प्रत्येक तुकडीला एक सांगणारा आणि शेवटी एक राखणारा. वाट तीनशे-चारशे मीटर, थांबे पाच-सहा, वेळ पाऊण तास. आदल्या रविवारी सांगणाऱ्यांनी स्वतः ती वाट चालून थांबे ठरवायचे. थांबा असा निवडा की हात लावता येईल किंवा काही फोडता येईल: उंबराचं फळ चाकूने उभं कापून आतल्या बारीक माशा दाखवा, बहाव्याची शेंग हलवून वाजवा, कडुनिंब आणि करंजाची साल डोळे मिटून चाचपा. गुलमोहर मादागास्करचा, हे ऐकून आजोबा मंडळी हमखास वाद घालतात. घालू द्या. लॅटिन नावांची यादी मात्र नको. प्रश्नमंजुषाही नको, चुकलेलं मूल पुढच्या थांब्याला मागे उभं राहतं.

दुर्बीण 8 बाय 42 किंवा त्याच्या जवळपासची, तीन-चार जणांत एक. वाटताना दोन मिनिटं शिकवा: चष्मा नसणाऱ्यांनी डोळ्यांशी येणारे कप बाहेर काढायचे, चष्मेवाल्यांनी आत ठेवायचे. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवायचं. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने, आणि डावा झाकून उजव्या डोळ्याच्या कड्याने स्पष्ट करायचं. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. वाडीवस्तीतल्या बगीच्यातही तांबट, शिंपी, दयाळ, शिंजीर, फळलेल्या वडा-उंबरावर राखी धनेश आणि एखाद्या ढोलीत पिंगळा सापडतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. दाणे टाकूनही नको.

सांगणारे कुठून आणायचे? होळकर सायन्स कॉलेजच्या (1891 पासूनचं आहे) वनस्पती आणि प्राणिशास्त्र विभागाला पत्र द्या. शहरात पक्षी पाहणाऱ्यांची फळी आहे, सिरपूर वाचवण्यात भालू मोंढे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं घातलेल्या कामातूनच ती तयार झाली आहे. शंभर माणसांना साधारण पंचवीस हात लागतात: सहा सांगणारे, सहा राखणारे, चार टेबलांवर दोन-दोन, दोघं नोंदणीला, दोघं पाणी-पोह्यांना, एक प्रथमोपचाराला.

टेबलं चारच ठेवा. एकावर चौकोनातली पानं. दुसऱ्यावर पानांचे ठसे: शाडूची थापलेली जाड वडी, त्यावर पानाची शिरांची बाजू खाली दाबायची, पान काढून कडेला पुठ्ठ्याची पट्टी, आणि त्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी या मापाने कालवलेलं प्लास्टर. पाण्यात प्लास्टर घालायचं, उलट नाही, आणि मिनिटभरच ढवळायचं. जास्त घोटलं तर भांड्यातच घट्ट होतं, आणि ओल लागलेलं जुनं प्लास्टर धरतच नाही. अर्ध्या तासाने निघतं. घट्ट होताना ते तापतं, म्हणून मुलांनी त्यात हात बुडवायचा नाही. बादली बगीच्याच्या नाल्यात धुवायची नाही. तिसऱ्यावर झाडाचा घेर मोजणं: जमिनीपासून 1.37 मीटरवर शिंप्याची फीत, आलेला आकडा 3.14 ने भागला की व्यास. वडाला पारंब्या चिकटलेल्या असतील तर तो सोडा, आकडा फसवा येतो. झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या असल्या तर काथ्याच्या सैल दोरीने, मराठी-हिंदी दोन्हीत, आणि दरवर्षी दोरी ढिली करायची. खिळा नको, त्या जखमेतून बुरशी शिरते.

चौथं टेबल पाचोळ्याच्या खताचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात आपल्याच शहरात, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, थराथराने कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसवली तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. इंदूरकरांना स्वच्छतेचा क्रमांक पाठ असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. प्रात्यक्षिक सोपं आहे. तारेच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा, तीन फूट उंच पिंजरा. तळाशी काटक्या, हवा खेळायला. मग वीतभर भिजवलेला पाचोळा, त्यावर ओला हिरवा कचरा किंवा कापलेलं गवत, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती. मापाने तीन भाग सुकं, एक भाग ओलं. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी पण पाणी गळू नये. दर तीन आठवड्यांनी पिंजरा उचलून ढीग उलटा करायचा. दोनच गोष्टी बिघडतात: पाचोळा कोरडा राहिला तर महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, आणि ओलं जास्त झालं तर वास मारतो आणि शेजारी तक्रार करतात. पहिल्याला पाणी, दुसऱ्याला आणखी पाचोळा. पिंपळ, कडुनिंबाची पानगळ पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्यामुळे जानेवारीत सुरू केलेल्या पिंजऱ्याला माल कमी पडत नाही. खत मेअखेरपर्यंत हाती येतं.

पोहे शेवटी. सुरुवातीला ठेवलेत तर निम्मी माणसं पोहे-जिलबी खाऊन घरी जातील, हे इंदूर आहे. शंभर जणांना कच्चे पोहे आठ ते नऊ किलो. पाणी थंडीत माणशी अर्धा लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. पेला घरून आणायला आवतणातच लिहा. ताटल्या बर्तन बँकेतून (भांडी वापरायला देतात ती) किंवा पळसाच्या पत्रावळी. ओल्या-सुक्याची सवय सगळ्यांना आहेच, फक्त शेवेची प्लास्टिकची पाकिटं गवतात पडतात, ती गोळा करायला एक माणूस नेमा.

बगीचा नगर निगमचा असेल तर उद्यान विभागाला अर्ज तीन-चार आठवडे आधी, पार्षदांच्या पत्रासह. अर्जात तारीख, वेळ, माणसांचा आकडा आणि 'मांडव नाही, ध्वनिक्षेपक नाही, खोदकाम नाही' हे स्पष्ट लिहा. त्याने अर्ध्या शंका मिटतात.

आदल्या संध्याकाळी उंच झाडं डोकं वर करून पाहा. आग्या मोहोळ दिसलं तर ती बाजू वाटेतून वगळा, धूप, फटाके, ड्रोन काहीही नको. मधमाश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, चेहरा झाकून लांब, बंद जागेत जायचं. नांगी लगेच नखाने किंवा कार्डाने खरवडून काढायची. श्वासाला त्रास किंवा ओठ-चेहरा सुजला तर तिथे उपाय करत न बसता थेट इस्पितळ. मुलांना हेही सांगून ठेवा की तपकिरी लवेच्या शेंगा उचलायच्या नाहीत, खाजकुयली असू शकते.

वृक्षारोपण तुमच्या यादीत पहिलं असेल. 14 जुलै 2024 ला इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात 11 लाखांवर रोपं लागल्यापासून प्रत्येक कार्यक्रमात ते हवंच असतं. जानेवारीत लावू नका. पुढे उन्हाळा येतो, आपली काळी माती भेगाळते, मुळं उघडी पडतात. त्याऐवजी उत्सवाच्या दिवशी पाच जागा ठरवा आणि प्रत्येक जागेला दोन घरांची नावं लिहून घ्या, एक घर गावाला गेलं तर दुसरं आहे. खड्डे मेमध्ये दोन फूट बाय दोन बाय दोन, उन्हात तापू द्या. जुलैत पहिला चांगला पाऊस झाला की पिंजऱ्यातलं खत एक भाग आणि खणलेली माती दोन भाग, आणि रोप. पुढची दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी, त्याच दोन घरांनी.

तोपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पाऊण तास, त्याच वाटेवर. फाटकाजवळ खडूचा फळा लावा: कोणतं झाड, नवी पालवी, फूल, फळ, पानगळ, तारीख. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते, त्यात बगीच्यातली पंधरा मिनिटांची नोंदही चालते, म्हणून दुसरी भेट त्यालाच जोडा. पाच माणसं आली तरी फेरी रद्द करू नका. एकदा रद्द झाली की तिसऱ्या महिन्यात कुणी विचारतही नाही. आणि माळ्याशी बोलून तो न कापलेला कोपरा तसाच ठेवा, पावसाळ्यानंतर सप्टेंबरात तिथे फुलपाखरं मोजता येतील.