हिब्रू बायबलमधल्या कवितेत यमक नसतं म्हणतात. मग ती कविता कशी?

आपल्या आर्येत किंवा अभंगात असतं तसं, नेमाने ओळीच्या शेवटी येणारं यमक नसतं, हे खरं. पण कानाला खाद्य भरपूर आहे, आणि ते नुसतं नटवण्यासाठी नाही. कित्येकदा कवी निकाल सुनावतो तो नादातूनच.

यशयाचा पाचवा अध्याय घ्या. इ.स.पू. 8व्या शतकातला हा संदेष्टा आधी द्राक्षमळ्याचं गाणं म्हणतो, अगदी प्रेमगीताच्या थाटात. मालकाने दगडधोंडे वेचले, उत्तम वेल लावले, आणि आली कसली, तर रानटी द्राक्षं. ऐकणारे हळहळत असतानाच सातव्या वचनात कळतं, की मळा म्हणजे आपणच! देवाने 'मिश्पात'ची (न्याय) वाट पाहिली, तर दिसला 'मिस्पाख' (रक्तपात). 'त्सदाका' (नीती) हवी होती, तर कानावर आली 'त्सआका' (आक्रोश). स्वरचिन्हं नसलेल्या जुन्या लिपीत पहिल्या जोडीत फक्त शेवटचं अक्षर बदलतं, दुसरीत मधलं एक. लांबून न्यायच वाटावा आणि जवळ गेल्यावर रक्त दिसावं, असा तो डाव आहे. 'मिस्पाख' अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये याच एका ठिकाणी येतो. मुद्दाम हुडकून आणला असणार, असं मला वाटतं.

मी मराठीत 'हवा होता न्याय, कानी आली हाय' असं करून पाहिलं. यमक जुळलं, पण फसगत गेली.

आमोस या दुसऱ्या संदेष्ट्याला देव टोपलीभर उन्हाळी फळं, 'कायित्स', दाखवतो आणि म्हणतो, इस्राएलचा 'केत्स', म्हणजे अंत, आला. यिर्मया या आणखी एका संदेष्ट्याला बदामाची फांदी दिसते, 'शाकेद'. देव म्हणतो, मी 'शोकेद', डोळ्यांत तेल घालून जागणारा. बदाम तिकडे सगळ्या झाडांआधी फुलतो, म्हणून हा श्लेष शब्दापुरता राहत नाही.

भाषांतरात यातलं काही उरत नाही. उरते ती एकच गोष्ट दोनदा सांगायची रीत. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट लाउथने 1753 साली छापलेल्या व्याख्यानांत ती उलगडून दाखवली. बायबलमधल्या स्तोत्रसंग्रहातल्या स्तोत्र 119 मधली वर्णमालाही हरवते: 22 अक्षरं, प्रत्येकाने सुरू होणारी 8 वचनं, एकूण 176.

स्तोत्र 122 मधलं सहावं वचन मात्र मोठ्याने म्हणून पाहा: 'शाअलु शलोम यरुशालाइम, यिश्लायु ओहवायिख.' यरुशलेमसाठी शांती मागा, तुझ्यावर प्रेम करणारे सुखी राहोत, एवढाच अर्थ. पण त्यातले श आणि ल मोजा.