बादलीभर कोमट पाण्यात कपभर गरम चहापेक्षा जास्त ऊर्जा असते असं सर म्हणाले. मग थर्मामीटर चहालाच जास्त अंश का दाखवतो?

तुमचे सरही बरोबर आहेत आणि थर्मामीटरही.

पदार्थाचे रेणू सतत हलत असतात आणि एकमेकांना धरूनही असतात. सगळ्या रेणूंची ही हालचाल आणि ही पकड, दोन्हींची ऊर्जा मिळून होते ती आंतरिक ऊर्जा. तापमान मात्र एकेका रेणूच्या वाट्याला सरासरी किती हालचाल आली, त्यावर ठरतं. हिशेब करा: पाणी आधी ३० अंश सेल्सिअसचं होतं असं धरू. १०० ग्रॅम चहा ९० अंशांवर न्यायला ६,००० कॅलरी लागतात, १५ लिटरची बादली ४० वर आणायला १,५०,०००. पंचवीसपट! तरी चटका बसतो तो चहाचाच. बर्फ वितळताना तर ग्रॅममागे ८० कॅलरी आत जातात आणि पारा शून्यावरच राहतो, कारण ती ऊर्जा पकड सैल करण्यात खर्च होते.

थर्मामीटरला ही बेरीज कळत नाही. तो फक्त स्वतःचं तापमान सांगतो. चहाने काच तापते, काचेने पारा, आणि चहा नि पारा सारखे गरम झाले की पारा थांबतो.

मला हे पटलं ते नागपूरच्या मे महिन्यात, महाल भागातल्या आमच्या घरी. धाकट्या भावाला ताप होता. लाईट गेलेली, कूलर बंद. आईने कपाटातला थर्मामीटर काढून तसाच त्याच्या काखेत लावला, तर १०६ फॅरनहाइट! आईचे हातपायच गळाले. शेजारच्या काकू धावत आल्या, थर्मामीटर माठातल्या पाण्यात बुडवला, दोन-तीनदा झटकला आणि परत लावला. १०१. आमची खोलीच १०६ पर्यंत तापली होती, पारा कपाटातच चढून बसला होता. तापाच्या थर्मामीटरची नळी फुग्यापाशी फार चिंचोळी असते, चढलेला पारा झटकल्याशिवाय तिथून परतत नाही. भावाचं अंग खोलीपेक्षा थंड होतं, पण ते सांगायला पारा खाली यायला हवा होता ना!

घरी करून बघणार असाल तर प्रयोगशाळेतला, ११० अंश सेल्सिअसपर्यंतचा थर्मामीटर घ्या आणि पारा पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. तापाचा थर्मामीटर चहात अजिबात घालू नका. त्यात १०८ फॅरनहाइटच्या पुढे पाऱ्याला जागाच नसते, काच फुटते आणि पारा विषारी असतो.