अठ्ठावीस हजारांचे बूट आणि चार महिन्यांचा पाय

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 56. कातळावर हापूसची साठ कलमं, खाली उताराला काजू. आषाढात उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेल्या हाडाचं, डॉक्टर इंग्रजीत ज्याला बनियन म्हणतात त्याचं, ऑपरेशन झालं. आता मोहोर यायच्या दिवसांत बागेची राखण सुरू होईल. वांदर दिवसा, डुकरं रात्री, आणि गडग्याच्या, म्हणजे बांधाच्या दगडी भिंतीच्या, चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, शिकारी लोक वापरतात ते उंच चामडी बूट घे, दहा वर्षं बघायला नको. किंमत 28,000. नाताळात येताना तो आणेल, पैसे मात्र ताई स्वतःचेच देणार. त्यासाठी फवारणीला ठेवलेली 50,000 ची एफडी मोडू की कार्डावर नऊ महिन्यांचे हप्ते करू, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, पैसे कुठून काढायचे ते पुढे बघू. आधी पायाचं बोलू, कारण तुमचा पाय अजून स्थिरावलेला नाही. या ऑपरेशनमध्ये हाड कापून सरळ बसवतात. हाड दीड-दोन महिन्यांत धरतं, पण सूज सहा महिने, कधी वर्षभरही कमी-जास्त होत राहते. आज मापाला बसलेला बूट शिमग्याला सैल होईल, किंवा संध्याकाळी चावेल. चारशेच्या चपलेचं असं झालं तर ती अंगणात पडून राहते. 28,000 चा बूट सातासमुद्रापलीकडून आलेला, पायात घालून न पाहिलेला, परत न करता येणारा. माझ्या हिशेबात या खरेदीतला खरा धोका किमतीत नाही, परत न करता येण्यात आहे.

आता ती दहा वर्षं. मुलाचा हिशेब सरळ आहे, वर्षाला 2,800. तो थंड, कोरड्या मुलखात बरोबरही असेल. आपल्याकडे नाही. मी स्वतः एकदा घाटावर फिरायला म्हणून भारीतले चामडी बूट घेतले होते. पहिल्याच श्रावणात कपाट उघडलं तर त्यांवर हिरवी-पांढरी बुरशी. ती पुसता आली. तीन वर्षांनी मात्र चालता चालता तळच भुगा होऊन सुटला. अशा बऱ्याच बुटांच्या तळाला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या फोमसारख्या प्लास्टिकचा, थर असतो, आणि दमट हवेत तो आतून कुजत जातो, बूट वापरा की पेटीत ठेवा. तेव्हा आपण चार वर्षं धरू. म्हणजे वर्षाला 7,000. राखणीचे दीडशे दिवस धरले तर दिवसाला सत्तेचाळीस रुपये, तेही पायाला बसले तर.

हप्त्यांचं थोडक्यात. विनाव्याज हप्ता म्हणतात त्यातही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, आणि व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो. शिवाय तुमचा आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येणार आणि हप्ते जानेवारीपासून जाणार, नेमके फवारणीच्या खर्चाच्या दिवसांत. एफडी मोडली तर बँक व्याज थोडं कापेल, ते सोसवेल. पण तुडतुडे पडले आणि औषधाला पैसा नाही, ते सोसवणार नाही. ती एफडी बुटासाठी नाहीच. तुम्ही लिहिलंय की भाचा म्हणतो, बूट बागेच्या खर्चात दाखवून कर वाचव. त्याला सांगा, शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त आहे. तिथे खर्च दाखवून वाचायला काही उरत नाही. विम्याचं म्हणाल, तर ऑपरेशननंतरची औषधं काही दिवस मिळतात, पादत्राणं धरू नका.

तुम्ही लिहिलंय की बचत खात्यात ऑपरेशननंतर चाळीसेक हजार उरलेत. त्यातलेच 28,000 मोजायचे तर मी ते असे वाटेन. 12,000 माणसासाठी. पहाटेची फेरी मारायला शेजारचा गडी अर्ध्या दिवसाचे 300 घेतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे चाळीस फेऱ्या झाल्या. उताराला, ओल्या शेवाळावर अंगठा मुडपला तर जो खर्च येईल त्यापुढे हे काहीच नाही. तुम्हाला हे उधळपट्टी वाटेल, ठाऊक आहे. आपल्याकडे बुटाला पैसे देताना हात आखडत नाही, माणसाला देताना आखडतो. 4,000 आताच्या बुटाला. आणि 12,000 वेगळे ठेवा, पुढच्या दिवाळीपर्यंत. तेव्हा पाय स्थिरावलेला असेल आणि मोठा जोड घ्यायचाच असेल तर जवळजवळ निम्मी तयारी झालेली असेल.

चार हजारांत काय? गमबूट नको. पाण्याला तो उत्तम, पण सैल-घट्ट करता येत नाही, पाय आत सरकतो आणि अंगठा पुढे आपटतो. लोखंडी टोपीचे सेफ्टी शूजही नकोत, ती टोपी सुजेला जागा देत नाही. घोट्याच्या वर येणारा, लेसचा, पुढे रुंद, तळ सहज न दुमडणारा बूट बघा. दुकानात संध्याकाळी जा, पाय तेव्हा सर्वांत मोठा असतो. घरून कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढून, कापून न्या आणि तो कागद बुटाच्या आतल्या सोलवर ठेवून बघा. कडेने वर चढला तर पुढचा जोड. मग आत हात घाला, व्रणाच्या जागी शिवण येत असेल तर ठेवून द्या. फुरसं आखूड असतं, जमिनीलगत मारतं, म्हणून जाड पँट आणि घोट्यावरचा बूट पुष्कळ राखण करतो. पायात घालण्याआधी मात्र रोज झटका.

शिकारीचे बूट म्हणून एक सांगून ठेवतो, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या इतरांसाठी. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्करही येतं. परवानगीशिवाय मारलंत तर बाग राहील बाजूला. नुकसान झालं तर लगेच वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई असते.

आणि पुढच्या वर्षी मुलगा ऐकलाच नाही, तर त्याला दोन गोष्टी लिहून द्या. अमेरिकन मापात आकड्यापुढचं अक्षर रुंदीचं असतं. बायकांचा साधा बूट बी, रुंद डी, आणि पुरुषांचा साधाच डी असतो, तेव्हा पुरुषांच्या रांगेतही बघायला हरकत नाही. दुसरं, त्या बुटांवर 400 ग्रॅम, 800 ग्रॅम असं लिहिलेलं असतं, ते बुटाचं वजन नव्हे, थंडीसाठी आत भरलेल्या उबदार अस्तराचं माप. गुहागरला ते शून्यच हवं. सर्जनची सहा महिन्यांची तपासणी झाली की ते काय म्हणाले ते कळवा, त्यावरून ते 12,000 कुठे ठेवायचे ते बघू.