पौंडाचे रुपये करण्याआधी

ओंकार, पुण्यात ओबी व्हॅनवर, म्हणजे बाहेरून लाइव्ह दाखवणाऱ्या टीव्हीच्या गाडीवर, पाच वर्षं काढल्यावर इंग्लंडात सॅल्फर्डला यावं का, असं तू विचारलंस आणि 41,700 पौंडांचे रुपयेही करून पाठवलेस. तो गुणाकार जरा बाजूला ठेव.

वर्षाला 41,700 पौंड हा जुलै 2025 पासूनचा इथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा, म्हणजे नोकरीवर येणाऱ्यांच्या व्हिसाचा, सर्वसाधारण किमान पगार. इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) जाऊन हातात महिन्याला साधारण 2,800 पौंड येतात. पेन्शनची कपात त्यानंतर. मालकाला मात्र या पगारावर आणखी साडेपाच हजार पौंड भरावे लागतात, कारण वर्षाला 5,000 च्या वरच्या रकमेवर 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स त्याच्या माथी असतो.

म्हणून इथे माणसं मोजून लावतात. लक्ष्मी रोडवर विसर्जनाचं लाइव्ह करताना आपल्याकडे कॅमेरामन, असिस्टंट, केबल धरणारा, लाइटवाला, ड्रायव्हर आणि चहा आणणारा पोरगा असा सगळा लवाजमा असायचा. इथे पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात कॅमेरा, ट्रायपॉड, केबलचा ड्रम आणि गाडीची किल्ली दिली. काम संपल्यावर ओल्या गवतातली शंभर मीटर केबल एकट्याने पुसत पुसत गुंडाळली, बोटं पार बधिर झाली होती. मदतीला कोणी येईल म्हणून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

मॅचच्या कामातही तेच. प्रवास आणि हॉटेलचा खर्च वाचवायला मैदानावर फक्त कॅमेरे पाठवतात, स्विचिंग, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते, नेटवर्कवरून दूरच्या स्टुडिओतून होतं. तेव्हा यायचंच असेल तर आयपी नेटवर्किंग पक्कं करून ये, नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचं 2110 हे स्टँडर्ड तर यायलाच हवं. नुसत्या एसडीआयवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ केबलच्या पद्धतीवर, आता भागत नाही.

एका गोष्टीची किंमत मात्र रुपयांत निघत नाही. रात्री दोनला पॅकअप आणि सकाळी सहाला कॉल, हे इथे चालत नाही. दोन शिफ्टमध्ये 11 तास विश्रांती कायद्यात आहे. टीव्हीच्या कामात ती मोडली तर बदली विश्रांती द्यावी लागते. मी इथे टिकलो तो यामुळे.

व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वर्षाला 1,035 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आधी. तो कोण भरणार हे लेखी घे. या व्हिसावर पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करता येत नाही, त्यामुळे लोक सांगतात ते दिवसाचे रेट हिशेबात धरू नकोस. ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव, ओव्हरटाइमचं कलम फोनवर बसून वाचू.