आधी कॉन्फिडन्स की आधी काम? वाचकांचे करिअरचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी मानेवाड्याला राहते, बीएस्सी फायनलला आहे. बाबा म्हणतात एमपीएससी कर, मैत्रिणी एमएस्सीचं बोलून राहिल्या, मामा म्हणतो एमबीए कर अन् पुण्याला निघ. मला स्वतःला काय आवडतं तेच समजून नाही राहिलं. ऑनलाइन दोन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिल्या तर दोन्हीचं उत्तर वेगळं आलं. केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल आवडतात पण त्याचं करिअर होते का? कोणी विचारलं पुढे काय, की रडूच येते. आधी कॉन्फिडन्स वाढवू की आधी फील्ड ठरवू?

उत्तर : अगं, आधी रडणं मनाला लावून घेऊ नको, फायनल इयरला हे होतं, आणि जवळची माणसं तीन दिशांना ओढत असली तर जास्तच होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही नाही. आधी काहीतरी करून बघायचं, छोटं, स्वस्तातलं, पंधरा-वीस दिवसांचं. आवड पण त्यातूनच कळते आणि कॉन्फिडन्स पण त्यातूनच येतो, घरी बसून विचार करून दोन्ही सापडत नाहीत असं माझं पक्कं मत आहे.

टेस्टचं सांगते. यातल्या बऱ्याच टेस्ट जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारावर उभ्या आहेत, त्यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की माणसांचे आणि कामांचे साधारण सहा प्रकार असतात, म्हणजे हाताने करायचं, शोधायचं, कलेचं, लोकांना मदत करायचं, पटवून द्यायचं आणि नोंदी नीट ठेवायचं, आणि माणूस नि काम यांचा मेळ बसला तर तो तिथं टिकतो. विचार चांगलाच आहे. पण टेस्ट तुलाच विचारते ना की तुला हे आवडेल का, ते आवडेल का, आणि जे तू कधी केलंच नाही त्याचं उत्तर तू अंदाजानेच देणार, आज मूड चांगला तर हो, उद्या नाही. म्हणून दोन टेस्टची दोन उत्तरं आली. त्यात तुझी काही चूक नाही.

आता तुझ्या पत्रातच एक गोष्ट आहे जी तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस, प्रॅक्टिकल आवडतात. ही अंदाजाची गोष्ट नाही, तू तीन वर्षं केलेलं काम आहे. त्यातलं नेमकं काय आवडतं ते बघ ना. टायट्रेशनमध्ये रंग बदलायच्या त्या थेंबापर्यंत लक्ष धरून उभं राहणं आवडतं का? की रीडिंग जुळलं नाही तर का नाही जुळलं ते शोधणं? की शेजारच्या मुलीला समजावून सांगणं? हे तिन्ही वेगवेगळे रस्ते आहेत, पहिला टेस्टिंग लॅबकडे जातो, दुसरा रिसर्चकडे आणि तिसरा शिकवण्याकडे. एक साधी वही कर, रोज रात्री दोन ओळी, आज कशात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कशात घड्याळाकडे बघत बसले. महिन्याने वाच. शिवाय तुला जवळून ओळखणाऱ्या तीन जणांना विचार की मी कोणत्या कामात बरी दिसते, कारण आपल्याबद्दलच्या काही गोष्टी दुसऱ्याला दिसतात आणि आपल्याला नाही. मामाला मात्र यात घेऊ नको, त्याचं उत्तर ठरलेलं आहे.

आणि नागपुरात बसून तू केमिस्ट्रीचं करिअर होते का असं विचारतेस! नीरी इथंच आहे, पाणी, हवा, कचरा याच्यावर काम करणारी देशाची संस्था, १९५८ पासून. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडला आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी नमुने तपासणारी, मोजणारी, रिपोर्ट लिहिणारी माणसं लागतात. सगळ्यांना लगेच नोकरी मिळते असं मी म्हणत नाही, पुष्कळ ठिकाणी एमएस्सी लागते आणि काम प्रोजेक्टवर, ठरावीक मुदतीचं असतं, ते आधीच माहीत असू दे. पण आत काय चालतं ते तर बघ. नीरी ज्या सीएसआयआरची, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरकारी संस्थेची आहे, तिचा स्थापना दिन २६ सप्टेंबरला असतो, त्या सुमारास तिच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना बघायला उघडतात, कॉलेजच्या मॅडमना सांगून आधी चौकशी करून ठेव. आणि तिथं काम करणारं कोणी भेटलं तर पगार किती हे पहिलं विचारू नको, मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत असता हे विचार. या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रक वाचून कळत नाही.

बाबांची एमपीएससी पण अशीच तपासून बघ, नाही म्हणायच्या आधी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे हाताने लांब उत्तरं लिहायची. आयोगाच्या वेबसाइटवर जुने पेपर फुकट आहेत. तीन आठवडे रोज पेपरातला एक विषय घेऊन एक पान लिही, पंचायत राज, पाणीवाटप, काहीही. कंटाळा येतो की अजून वाचावंसं वाटतं ते तुला स्वतःलाच दिसेल, आणि मग बाबांशी बोलशील तेव्हा हातात वही असेल, नुसतं मला नाही जमणार असं म्हणावं लागणार नाही. आणखी एक, खुल्या गटाला सुद्धा वयाची मर्यादा ३८ आहे, त्यामुळे हे आत्ताच नाही तर कधीच नाही असं नाहीये. एमएस्सी करून, थोडी नोकरी करून पण देता येते.

राहिला कॉन्फिडन्स. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये याच्यावर फार महत्त्वाचं लिहून ठेवलंय. हे मला जमेल हा भरवसा माणसात कुठून येतो, तर त्यांनी चार जागा सांगितल्या, स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना बघणं, लोकांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था म्हणजे धडधड, थकवा वगैरे. यात सगळ्यात पक्की पहिली जागा. म्हणून तर मी वही, तीन आठवडे, मॅडमना भेटणं एवढं सगळं तुझ्या मागे लावून राहिले.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा, बुटीबोरीत कंपनीत शिफ्टला आहे. डिझाइनमध्ये जायचं आहे म्हणून कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं. मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाहिले की दोन दिवस जोर असतो मग पुन्हा ठप्प. चुलतभावाचं पॅकेज मोठं आहे, घरी रोज तेच ऐकावं लागते. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : जिद्द नसती तर शिफ्ट करून आल्यावर लॅपटॉप उघडलाच नसता दादा. मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, तू शिकतोयस कोणासाठी? १९७१ मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, विद्यार्थ्यांना जोडायचं कोडं दिलं, काहींना ते सोडवायचे पैसे दिले आणि नंतर बंद केले, तर पैसे घेतलेली मुलं मोकळ्या वेळात त्या कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. म्हणजे बाहेरचं कारण मोठं झालं की आतली गोडी आटते. पगार वाढावा असं वाटणं काही वाईट नाही, वाढलाच पाहिजे. पण रोज कॅड उघडताना डोक्यात चुलतभाऊ असेल तर ते सॉफ्टवेअर तुला शिक्षाच वाटणार. तू शॉप फ्लोअरवर रोज पार्ट हातात घेतोस, ड्रॉइंगमध्ये काय चुकलं की मशीनवर काय त्रास होतो ते तुला माहीत आहे, थेट कॉलेजातून आलेल्या कित्येक पोरांना ते माहीत नसतं. मग तोच पार्ट काढ ना. आज ज्याचा त्रास झाला तोच मनाने, कॅलिपरने मोजल्यासारखा नीट काढ, फक्त कंपनीचं ड्रॉइंग किंवा फोटो घरी आणू नको, ते त्यांचं असतं.

दुसरी, व्हिडिओचा जोर टिकत नाही कारण त्यात कधी आणि कुठे हे नसतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम यावरच आहे, नुसतं मी अभ्यास करीन असं ठरवण्यापेक्षा अमुक झालं की मी तमुक करीन असं ठरवलं तर ते पार पडायची शक्यता वाढते. तुझी शिफ्ट बदलते म्हणून घड्याळाची वेळ धरू नको, तिथंच तुझं टाइमटेबल मोडत असणार. घटना धर. घरी आलो, डबा धुवून ठेवला, की लॅपटॉप उघडायचा आणि एकच पार्ट. नाइट शिफ्टच्या आठवड्यात झोपून उठल्यावर चहा झाला की. जास्त दमला असशील तर कालचीच फाइल उघडून एक डायमेन्शन दुरुस्त कर आणि बंद कर, चालते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

डिग्रीचंही मनात असेल तर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन होते. पण आधी वीस-पंचवीस पार्ट काढून बघ, डिझाइन खरंच आवडते का ते त्यात समजेल, मग फी भरायचा विचार कर.

प्रश्न : मुलाला दहावीत ४८ टक्के पडले. मी रोज म्हणतो तू करू शकतोस, तरी खोलीतून बाहेर निघत नाही. उन्हाळ्यात मोहल्ल्यातले कूलर मात्र हाच दुरुस्त करून देतो. त्याच्यात आत्मविश्वास कसा आणू? – एक वडील, इतवारी

उत्तर : भाऊ, तुम्ही धीर देता ते चांगलंच आहे, देत राहा, पण वर सांगितलं तसं नुसत्या शब्दांचा भरवसा लवकर उडतो, एक मार्कशीट आली की संपला. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की हा पोरगा नागपूरच्या उन्हाळ्यात लोकांचे बंद पडलेले पंप नि मोटारी चालू करून देतो. हे छोटं काम आहे का? हे त्याला कोणी कधी काम म्हणून सांगितलं का? तू करू शकतोस ऐवजी आज त्याला विचारा की शेजारच्या काकूंच्या कूलरची मोटार नेमकी काय झाली होती, तुला कसं कळलं, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये टक्क्यांचा विषय काढू नका.

मग त्याला सोबत घेऊन आयटीआयला जा. इलेक्ट्रिशियन आहे, वायरमन आहे, फ्रिज-एसीचा ट्रेड आहे, हे तिन्ही दोन वर्षांचे आणि दहावी पास मुलाला करता येतात. त्यानंतर अप्रेंटिसशिप करता येते, स्टायपेंड मिळतो, आणि पुढे शिकावंसं वाटलं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, म्हणजे रस्ता कुठे बंद होत नाही. मार्क कमी म्हणून इथं पाठवतो असं मात्र त्याच्यासमोर बोलू नका, नातेवाइकांसमोर तर नाहीच. आधी वर्कशॉप बघू द्या, तिथल्या सरांशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही बाजूला थांबा. अ‍ॅडमिशनचे फॉर्म ऑनलाइन भरतात आणि ट्रेडचा पसंतीक्रम द्यावा लागतो, तो क्रम त्याचा त्यालाच लावू द्या.