प्लेट निघाली, हात मात्र पदरातच

“मॅडम, प्लेट होती तोवर आत काहीतरी आधार होता. आता नुसतं हाडच उरलंय. परत मोडलं तर?”

मोडलेलं हाड धरून ठेवायला मनगटात बसवलेली धातूची प्लेट काढलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. आमच्या रुग्णालयात फिजिओथेरपीच्या खोलीला लागूनच मी समुपदेशनाला बसते. ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. घरून जेवणाचे डबे देतात, रोजच्या 80 पोळ्या. पावसाळ्यात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय सरकला, उजवा तळहात जमिनीवर टेकला आणि मनगटाशी अंगठ्याकडचं हाड मोडलं. प्लेट बसवली, हाड नीट जुळलं.

खरं तर त्रास नसेल तर अशी प्लेट जन्मभर आत राहिली तरी चालते. यांचा मात्र अंगठा वाकवणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) प्लेटच्या कडेवर घासायला लागला होता. अंगठा हलवला की मनगटात कचकच लागायचं. घासून घासून तो टेंडन तुटू शकतो, म्हणून दीड वर्षाने डॉक्टरांनी प्लेट काढली. जखम भरली, टाके निघाले, एक्स-रे चांगला आला. “आता हात वापरा,” असं सांगूनही झालं. त्याला अकरा आठवडे उलटले होते, आणि ताई माझ्यासमोर उजवा हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा मोकळा.

त्यांनी पर्समधून औषधाची एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. ती हलवल्यावर आत खुळखुळ झालं. काढलेली प्लेट आणि स्क्रू. मागून घेतले होते त्यांनी. मी प्लेट तळहातावर घेतली. टी-आकाराची, बोटभर लांब, आणि वजनाला इतकी हलकी की मलाही नवल वाटलं. त्यांना म्हटलं, “तुम्ही धरून बघा.” दीड वर्ष जे अंगात होतं, ते त्यांनी स्वतःच्या उजव्या हातात कधी घेतलंच नव्हतं. घेतलं, आणि म्हणाल्या, “एवढीशी? मला वाटलं, सगळा भार हिच्यावरच आहे.”

त्यांचे यजमान बांधकामावर सेंटरिंगचं, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून तात्पुरता आधार द्यायचं, काम करायचे. मी विचारलं, “स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग कधी काढतात?” “स्लॅब पक्का झाला की,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून स्वतःच पुढे म्हणाल्या, “पण काढल्या काढल्या वर विटांचा ढीग नाही लावत.”

मला त्यांचं हे दुसरं वाक्य फार मोलाचं वाटलं. कारण ते वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. स्क्रू निघाले की हाडात भोकं राहतात. ती नव्या हाडाने भरायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि तेवढ्या काळात जड उचलणं, जोर लावणं, पडणं यांपासून जपावंच लागतं. म्हणजे ताईंची भीती मुळात खोटी नव्हती. जपण्याची मुदत सरत आली तरी ती तशीच राहिली, एवढंच. अशा माणसाला “घाबरू नका, काही होत नाही” म्हणणं मला पटत नाही. त्याला वाटतं, यांना माझं कळलंच नाही, आणि तो हात आणखी जपतो. घरच्यांच्या मायेनेही तेच होतं. ताईंनी पातेल्याला हात लावला की सूनबाई धावत येऊन काढून घ्यायची.

म्हणून आधी आम्ही कागदावर तीन प्रश्न लिहिले: किती वजन, कधीपासून, आणि अजून मनाई कशाची. तो कागद घेऊन त्या शल्यचिकित्सकांकडे गेल्या. उत्तर आलं: पोळ्या लाटा, कणीक मळा, भरलेली बादली आणि गॅस सिलिंडर आणखी सहा आठवडे नको. “हात वापरा” या दोन शब्दांनी जे झालं नाही, ते या उत्तराने झालं. (प्रत्येकाची मुदत वेगळी असते. ही ताईंची, ती आपली म्हणून धरू नका.)

मग वही. घरातली दहा कामं, आणि प्रत्येकापुढे भीतीचा आकडा, शून्य ते दहा. कोथिंबीर निवडणं 1, कुलपात किल्ली फिरवणं 3, पोळी लाटणं 5, कणीक मळणं 6, चादर पिळणं 8. आणि जमिनीवर तळहात टेकून उठणं 10. या शेवटच्या ओळीशी आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. तळहात टेकवणं म्हणजे त्या अंगणातलाच क्षण. त्यांना भीती वजनाची कमी, पडण्याची जास्त होती. आणि ती भीती रास्त होती. पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं, तर हाडांची घनता तपासून घ्यायला हवी. त्यांची ती तपासणी झालीच नव्हती. ती करायला पाठवलं. अंगणातलं शेवाळ मुलाने घासून काढलं, मोरीत रबरी पायपुसणं आलं. काळजीला असं हातात काम दिलं की ती जरा सैल होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम म्हणून नमस्कार करायला सांगितला होता: तळहात जुळवून कोपरं हळूहळू वर. पहिल्या दिवशी उजवा तळहात डाव्याला पुरता टेकेना. कातडी मऊ पडली होती, जखमेची रेघ गुलाबी. व्रणाला खोबरेल लावून रोज पाच मिनिटं बोटाने चोळायचं ठरलं. आजवर त्या तिकडे बघतही नव्हत्या. आठवड्याला एक ओळ, खालच्या आकड्यापासून. दुखलं तर लिहायचं, आणि रात्रीपर्यंत उतरलं का तेही. बहुतेक वेळा उतरायचं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगते. सगळं दुखणं मनाचंच आहे असं समजू नका. अंगठ्याचं टोक वाकेनासं झालं, सूज वाढत गेली, जखमेतून पू आला किंवा ताप आला, हाताचा रंग बदलून कातडी चकचकीत दिसू लागली, नुसता कपडा लागला तरी आग होऊ लागली, तर माझ्याकडे नको, लगेच शल्यचिकित्सकांकडे जा.

पाचव्या आठवड्यात ताईंनी 20 पोळ्या केल्या. “कडा जाड राहिल्या,” म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मनगटाचा विषयच निघाला नाही. पाटावरून उठताना अजून डावाच हात टेकतात. तिथला आकडा सध्या सहावर आलाय. पुढच्या भेटीत माझ्या खोलीतल्या सतरंजीवर, दोघी शेजारी बसून, तेवढं एकच करून बघायचं ठरलंय.