डॉक्टरांना कंपनीकडून काय मिळतं, कुठे बघायचं?

प्रश्न : मी न्यूजर्सीत असते, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय इथेच. सर्जन एकाच कंपनीचा सांधा बसवू म्हणतायत, त्यांना तिकडून पैसे मिळतात का ते कळेल?

उत्तर : कळेल की! ओपन पेमेंट्स नावाची सरकारी साइट आहे, डॉक्टरांचं नाव टाका, जेवणापासून कन्सल्टिंग फी, रॉयल्टीपर्यंत सगळं कंपनीच्या नावासकट येतं, २०१० च्या सनशाइन कायद्यामुळे कंपन्यांना कळवावंच लागतं. आकडा दिसला म्हणून लगेच चोर ठरवू नका हां, रॉयल्टी असेल तर सांध्याच्या डिझाइनमध्ये त्यांचाच हात असू शकतो, सरळ विचारा. आपल्याकडे २०२४ च्या यूसीपीएमपीने, म्हणजे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या भारत सरकारच्या नियमावलीने, डॉक्टरांना गिफ्टं द्यायला बंदी घातलीय, लेक्चर द्यायला जाणारे सोडले तर फुकट विमान-हॉटेलही बंद, पण नाव टाकून बघायची अशी सोय पेशंटला नाहीच.